गंधेबाबू आणि एकमताचा तांडा

गंधेबाबू कार्यालयाचा रबरी शिक्का जेवणाच्या डब्यात ठेवत. चार खणांचा स्टीलचा डबा. खालच्या तीन खणांत पोळी, भाजी आणि वरणभात, आणि सगळ्यात वर, लिंबाच्या लोणच्याच्या शेजारी, ‘लोकसहभाग प्रकल्प केंद्र, घाटंजी’ असा गोल शिक्का. एकदा ते रजेवर असताना कुणीतरी घाईघाईत तो शिक्का अर्ध्या अहवालावर मारून मोकळं झालं होतं, तेव्हापासूनचा हा बंदोबस्त. त्यामुळे आमच्या केंद्राचे अहवाल मुख्य कार्यालयात लोणच्याचा वास घेऊन पोचत. तिथल्या एका बाईंनी मला फोनवर अगदी सभ्य आवाजात विचारलं होतं, की तुमच्याकडे कागद कशात ठेवतात.

आमचं विद्यापीठ कॅथलिक धर्मगुरूंनी चालवलेलं. ‘लोकांविषयी नव्हे, लोकांबरोबर संशोधन’ हे त्याच्या माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेलं आहे. म्हणजे एखाद्या गावात जाऊन नुसते प्रश्न विचारून परत यायचं नाही. त्या गावाशी करार करायचा, त्याला ‘भागीदार समुदाय’ म्हणायचं, नीतिसमितीची परवानगी घ्यायची, प्रत्येकाचं संमतीपत्र घ्यायचं आणि दर तीन महिन्यांनी अहवाल पाठवायचा. यवतमाळ जिल्ह्यातलं हे सगळं घाटंजीच्या तीन खोल्यांतून चाले. संचालक फादर सिक्वेरा, जे मराठी पुस्तकातून शिकले होते आणि ती तशीच बोलत. संशोधिका मी, वर्षाच्या कंत्राटावर. आणि गंधेबाबू, सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन इथे दरवर्षी मिळणाऱ्या मुदतवाढीवर आलेले.

यवतमाळात गंधे घराणं तीन पिढ्या कचेरीतलं. जानवं, कपाळावर गंध, चातुर्मासात कांदा बंद. असा माणूस पाद्र्यांच्या कार्यालयात कसा टिकेल, असं मला पहिल्या आठवड्यात वाटलं. दुसऱ्या आठवड्यात कळलं, की कार्यालयच त्यांच्यामुळे टिकलं आहे. त्यांच्या टेबलामागच्या कॅलेंडरवर तीन रंगांच्या खुणा असत. निळी त्यांच्या एकादशीची, जांभळी फादरांच्या उपवासाची आणि लाल जवळच्या बंजारा तांड्याच्या सणांची. “फादर, बुधवारी तांड्यावर जाऊ नका. तुमचा राखेचा बुधवार हाय, अन् तिथं बोकड कापून राह्यले तुमच्यासाठी. गुरुवारी जाऊ,” असं ते आदल्या सोमवारीच सांगून टाकत. ज्याने जन्मात अंडं खाल्लं नाही तो माणूस फादरांच्या उपवासाचा आणि तांड्याच्या बोकडाचा मेळ घालून देई. फादर एकदा खाजगीत मला म्हणाले होते, “कोणत्या संताचा दिवस कधी, हे मला गंधेबाबूंना विचारावे लागते. हे योग्य नाही, परंतु सोयीचे आहे.”

माझा प्रकल्प होता लदेणीच्या वाटांचा. बंजारा लोक एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. त्या वाहतुकीला त्यांच्यात लदेणी म्हणतात. आता तेच लोक आपापल्या तांड्यात स्थिर होऊन शेती करतात. घाटंजीजवळच्या पळसतांड्यातल्या वयस्कर माणसांना विचारून, त्यांच्या आजे-पणजांच्या बैलांची वाट नकाशावर आणायची, एवढंच माझं काम. घाटंजीहून निघून झरी जामणीच्या जंगलातून मुकुटबनकडे ती जात असे, हे सगळ्यांना माहीत होतं. मधले मुक्काम कुणी लिहून ठेवले नव्हते.

करार मुख्य कार्यालयातून छापून आला होता. फादरांचा बेत होता, की तांड्याच्या नायकाची सही घ्यावी आणि चहा पिऊन परत यावं. गंधेबाबू ऐकेनात. “सही म्हंजे पोरगी देणं हाय, फादर. एकदा देल्ली का वापस घेता येत नाही. आधी वाचून दाखवू.” मग तांड्यातल्या चिंचेखाली उभं राहून त्यांनी सगळी चौदा कलमं वाचली. नायक हरसिंग राठोड, डोक्याला लाल फेटा आणि खिशाला पेन, डोळे मिटून ऐकत होते. सातवं कलम आलं, ‘भागीदार समुदाय सर्व माहिती एकमताने व सहकार्याच्या भावनेने देईल,’ तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“हे आमाले जमते,” नायक समाधानाने म्हणाले. “बाकीचं तुमी पाहा.”

मला वाटलं, किती समंजस माणूस आहे. गंधेबाबूंनी मात्र चष्म्यावरून नायकांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पण बोलले नाहीत, आणि पुढे कित्येकदा त्याबद्दल त्यांनी स्वतःलाच बोल लावला.

मग मी तीन आठवडे तांड्यावर जात राहिले. बेचाळीस मुलाखती घेतल्या. काय सांगू, मी हवेत होते. इतकी सुसंगत माहिती मी पुस्तकातही वाचली नव्हती. नायकांचे पणजोबा रामसिंग हे लदेणीचे म्होरके. बैल एकशेदहा. मुक्काम तीन: पहिला वडाखाली, दुसरा सागाच्या बनात आणि तिसरा एका टेकडीच्या पायथ्याशी, जिथे रामसिंगांनी बैलांना तीन दिवस विसावा दिला. पहिल्याने हे सांगितलं, विसाव्याने हेच सांगितलं, बेचाळिसाव्याने तर माझा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत. मी नकाशावर एक जाड लाल रेघ मारली आणि ती मला फार देखणी वाटली. अहवाल एकतीस मार्चच्या आत जायचा होता. तो वेळेवर गेला तर माझं कंत्राट पुढे चालणार होतं आणि गंधेबाबूंची मुदतवाढही. दोघांचीही नोकरी त्याच एका कागदाला बांधलेली.

गंधेबाबूंनी मसुदा दोन दिवस वाचला. तिसऱ्या दिवशी डबा उघडला, मला वाटलं शिक्का काढतायत, तर त्यांनी पोळी काढली.

“मॅडम, हे बेचाळीस माणसं हायत, का एकाच माणसाचे बेचाळीस फोटो?”

“म्हणजे?”

“माया घरी आमी दोघंच. मी अन् मंडळी. आमच्या लग्नात पाऊस आलता का नाही, यावर तीस वर्षं झाले एकमत नाही. अन् इथं बेचाळीस जणाले पणज्याचे बैल एकशेदहाच आठवते? एकालेही एकशेअकरा नाही वाटले?”

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. हा लोकस्मृतीचा एकसंधपणा आहे, असं काहीतरी मी बोलले. गंधेबाबू शांतपणे पोळी खात राहिले. शेवटी आम्ही दोघं फादरांच्या खोलीत गेलो. फादरांची पंचाईत झाली. तारीख त्यांनाही दिसत होती आणि मुख्य कार्यालयाचा फोनही त्यांनाच येत होता. “अहवाल एकतीसला पोचलाच पाहिजे, गंधेबाबू. अन्यथा केंद्राच्या नावावर विलंब लागेल.”

“फादर, तुमी लोकायची कबुली ऐकता,” गंधेबाबू म्हणाले. “बेचाळीस जण ओळीनं आले, अन् एकच पाप, त्याच शब्दात सांगून गेले, तर तुमी काय समजान?”

फादरांनी टेबलावरचा मसुदा आपल्याकडे ओढला. मग म्हणाले, “बाहेर रांगेत कोणीतरी त्यांना शिकवत आहे, असे समजेन.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तांड्यावर गेलो. होळी होऊन गेली होती आणि फादरांचा उपवासाचा काळ चालू होता, म्हणून आधीच निरोप धाडून बोकड टाळला होता. चिंचेखाली सगळा तांडा जमला आणि गंधेबाबूंनी माझा अहवाल पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. रामसिंगांचं नाव आलं की माना डोलत. बैल एकशेदहा, माना डोलल्या. टेकडीच्या पायथ्याशी तीन दिवस विसावा, पुन्हा डोलल्या. वाचन संपवून गंधेबाबूंनी चष्मा पुसला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “नायक, हे ठरलं कधी?”

“मॅडम पहिल्यांदा येणार, त्याच्या आधी,” नायक तितक्याच सहज म्हणाले. “नसाब बसवला.”

नसाब म्हणजे तांड्याची बैठक. तिथे एखादी गोष्ट सगळ्यांची मान्यता होईपर्यंत चघळली जाते, आणि एकदा ठरली की तांड्याबाहेर कुणी वेगळं बोलत नाही. भांडण, सोयरीक, देवळाचा रंग, सगळं असंच ठरतं. त्यांनी माझी प्रश्नावलीही तशीच ठरवली होती. एकेक प्रश्न घेऊन, एकेक उत्तर पक्कं करून.

“दोन दिवस लागले,” नायक अभिमानाने सांगत होते. “करारात तुमीच लिवलं ना, एकमतानं द्या म्हणून. मायबाप, एकमत काय असंच होते काय? धेनीयाडी तर मानूनच नव्हती राह्यली. मोठ्या मुश्किलीनं मानवली.”

माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही, पण फादरांनी मला पाण्याची बाटली दिली. चूक त्यांची कुठे होती? ज्या विद्यापीठाने एकमत मागितलं, त्याला त्यांनी कष्ट करून एकमत दिलं होतं. आम्ही वापरलेल्या शब्दाचा अर्थ आमच्यापेक्षा त्यांनीच जास्त मनावर घेतला होता.

धेनीयाडी, म्हणजे धेनीआई, बायकांच्या पुढच्या रांगेत बसलेल्या. तांड्यातल्या सगळ्यांत वयस्कर. गंधेबाबू त्यांच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. “याडी, तुमाले काय म्हणाचं होतं?”

“ठरलं ते ठरलं,” म्हातारी म्हणाली. “आता म्या कशी बोलू? नसाब मोडू काय?” आणि तोंडावर पदर ओढून घेतला, पण डोळे बाहेरच ठेवले.

आता नायकांनी परवानगी दिल्याशिवाय गाडं हलणार नव्हतं, आणि नायक जमिनीकडे पाहत होते. पणजोबांचा मान मध्ये होता. मला वाटलं, संपलं. तेव्हा गंधेबाबू उठले आणि नायकांच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून, जाऊन बसले.

“नायक, माया आजा कचेरीत कारकून होता. मोठा नावाजलेला. त्यानं एका गावचा विहिरीचा अर्ज दुसऱ्याच गावच्या फायलीत टाकला. विहीर त्या दुसऱ्या गावात खणली गेली. आमच्या घरात हे कोणी सांगत नाही. मी आज पहिल्यांदा सांगून राह्यलो.”

नायकांनी विचार केला. “पाणी लागलं काय?”

“बम लागलं.”

“मंग लपवता कायले?”

“तेच तर तुमाले इचारून राह्यलो.”

नायक हसायला लागले, इतके की फेटा सावरावा लागला. हसता हसताच त्यांनी धेनीयाडीकडे हात केला, की बोल बाई. पण गंधेबाबूंनी तिलाही थांबवलं. कागद आधी. डब्यातून शिक्का काढला, कराराच्या सातव्या कलमातला ‘एकमताने’ हा शब्द रेघ मारून खोडला, वर ‘ज्याची त्याने’ असं लिहिलं, फादरांची आणि नायकांची सही घेतली आणि ठप्पकन शिक्का मारला. “हं, याडी. आता नसाब नाही मोडत.”

मग धेनीयाडी जी सुटली. रामसिंग नायक म्होरके होते, कबूल. पण टेकडीच्या पायथ्याशी विसावा कसला, ते झरी जामणीच्या रानात वाट चुकले होते. तीन दिवस बैल घेऊन गोल गोल फिरत होते. तिच्या आजेसासऱ्याने बैलांच्या घंटा ऐकल्या आणि जाऊन त्यांना हाताला धरून आणलं. आणि बैल एकशेदहा नव्हतेच, वाट चुकून परत आले तेव्हा तर मुळीच नव्हते. यावर तिच्या दिराने हरकत घेतली. त्याच्यावर तिसऱ्याच म्हाताऱ्याने. वडाचं झाड कुठलं यावरून दोन सख्खे भाऊ उठून उभे राहिले. ऊन चढलं, उतरलं, चहा दोनदा झाला, आणि माझी वही संपली. बेचाळीस माणसं अखेर बेचाळीस माणसांसारखी बोलत होती. फादर मध्येच माझ्याकडे वाकून पुटपुटले, “आता ही खरी कबुली.”

पण त्याचा अर्थ सगळं काम पुन्हा करणं असा होता. सहा आठवडे मी नव्याने मुलाखती घेतल्या. लाल रेघेच्या जागी नकाशावर अशा काही वाटा आल्या, की गंधेबाबूंनी त्याला “सुतळीचा गुंता” असं नाव दिलं आणि तोच नकाशा सगळ्यांत आवडीने पाहत बसले. मार्च उलटला. अहवाल मे महिन्यात गेला. मुख्य कार्यालयाला तो आवडला, अगदी मनापासून आवडला, आणि त्याच टपालाने विलंबाबद्दल ताशेरेही आले. माझं कंत्राट वाढलं. गंधेबाबूंची मुदतवाढ झाली नाही.

मला हे विचित्र वाटलं, पण खरं सांगायचं तर आधी हायसंच वाटलं. लाजेची गोष्ट आहे, पण तशीच आहे. शेवटच्या दिवशी गंधेबाबूंनी शिक्का धुऊन, पुसून माझ्या टेबलावर ठेवला, कॅलेंडरवरच्या तीन रंगांचा अर्थ मला समजावून सांगितला आणि सांगितलं, “फादरायचं ध्यान ठेवा. मार्चमधी ते लय बारीक होते.” फादर स्वतः गाडी चालवत त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. परत आले ते थेट खोलीत जाऊन बसले.

ऑगस्टमध्ये कराराची प्रत शोधताना मी प्रकल्पाची फाइल चाळत होते. मधेच मुख्य कार्यालयाला गेलेल्या एका टिप्पणीची स्थळप्रत लागली. गंधेबाबूंचं टपोरं, उजवीकडे झुकलेलं अक्षर, तारीख एकतीस मार्चची. ‘अहवालास झालेला विलंब हा मसुदा निम्नस्वाक्षरीकाराने आपल्या टेबलावर रोखून ठेवल्यामुळे झालेला आहे. संशोधिकेने आपले काम मुदतीत व समाधानकारकरीत्या पूर्ण केले होते.’ खाली सही, शिक्का. शिक्क्याच्या कडेला तेलाचा पिवळा डाग.

मी ती फाइल घेऊन फादरांपुढे उभी राहिले. त्यांनी पाहिलं आणि फाइल मिटली. “मला ठाऊक होते. मी त्यांना समजावले. ते म्हणाले, तुम्ही कबुली ऐकणारे आहात, बोलणारे नव्हे.”

रविवारी मी यवतमाळला गेले. गंधेबाबू ओसरीवर मेथी निवडत बसले होते. त्यांच्या मंडळी आतून चहा घेऊन आल्या. मी वाटभर पाठ केलेलं सगळं विसरले आणि नुसती म्हणाले, “तुम्ही फाइलमध्ये खोटं लिहिलंत.”

“कोणतं वाक्य?”

“दोन्ही.”

“पहिलं खरं हाय. मसुदा माया टेबलावरच होता.”

“दोन दिवस होता. आणि दुसरं?”

त्यांनी मेथीची एक जुडी संपवली. पानं पातेल्यात टाकली, काड्या बाजूला केल्या. “दुसरं खोटं हाय,” ते म्हणाले. “उभ्या नोकरीत तेवढं एकच.”

मी उद्याच्या उद्या मुख्य कार्यालयाला खरं काय ते कळवणार आहे, असं मी सांगितलं. रडतही होते बहुतेक, कारण मंडळींनी माझ्यापुढे रुमाल केला. गंधेबाबूंनी मला आजवर ‘मॅडम’शिवाय हाक मारली नव्हती.

“बेटा, आइक. तुले काढलं असतं, तर तुया जागी नवं माणूस आलं असतं. त्यानं काय केलं असतं? नकाशावर पुन्हा एक लाल रेघ मारली असती, अन् खूश झालं असतं. तू ते करून चुकली. तू आता नाही चुकणार. चुकून शिकलेलं माणूस ऑफिसनं काहून सोडावं?” मग मंडळींकडे पाहत, “मी तर जाणारच होतो. दोन वर्षं आधी का मांगं.”

“दोन नाही, चार वर्षं रहाणार होते,” मंडळी म्हणाल्या. “म्हणत होते, मुकुटबनकडे नवा प्रकल्प हाय, तो पाहून मगच घरी बसतो.”

“हिचं ऐकू नको,” गंधेबाबू म्हणाले, “हिले लग्नातला पाऊसही आठवत नाही.” आणि मेथीची दुसरी जुडी सोडली.

मी पत्र लिहिलं नाही. ते बरोबर केलं की नाही, मला आजही कळत नाही. गंधेबाबू गेल्या हिवाळ्यात गेले, झोपेतच. मुकुटबनकडच्या प्रकल्पाचं काम आता माझ्याकडे आहे, आणि त्याच्या पहिल्याच पानावर त्यांचं नाव यायला हवं होतं, ते नाही. दर मार्चमध्ये मी त्या जुन्या फाइलमधली टिप्पणी एकदा वाचते. ‘संशोधिकेने आपले काम मुदतीत व समाधानकारकरीत्या पूर्ण केले होते.’ मग फाइल बांधून ठेवते आणि कामाला बसते. त्या वर्षी ते वाक्य खोटं होतं. ते पुन्हा कधी खोटं होऊ नये म्हणून आता मीच राबत असते.